नेव्हिल डिसूझा

नेव्हिल स्टीफन जोसेफ डिसूझा (जन्म : ३ ऑगस्ट १९३२, आसगाव, गोवा, मृत्यू : १६ मार्च १९८०) हे भारतीय फुटबॉलपटू होते. मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबचे आणि भारतीय संघाचे मध्यवर्ती आघाडीपटू, म्हणजेच सेंटर फॉरवर्ड, म्हणून ते ओळखले जातात. मेलबर्न येथील १९५६ च्या ऑलिंपिक स्पर्धेत १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक साधणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. त्या स्पर्धेत त्यांनी एकूण चार गोल केले आणि सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत युगोस्लाव्हियाचे तोडोर वेसेलिनोविच व बल्गेरियाचे दिमितर मिलानोव्ह यांच्यासह संयुक्तपणे पहिले स्थान मिळवले. भारताला त्या स्पर्धेत चौथे स्थान मिळाले. ऑलिंपिक फुटबॉलमधील भारताची ती आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे.

एवढी कामगिरी नावावर असूनही सर्वसाधारण वाचकास डिसूझा यांचे नाव क्वचितच ठाऊक असते. त्यांच्या कारकिर्दीचा विचार करताना मेलबर्नच्या त्या सामन्याइतकेच मुंबईतील फुटबॉलचे तत्कालीन स्वरूपही समजून घ्यावे लागते. त्यांचा उदय आणि नंतरचे विस्मरण या दोहोंची कारणे तेथेच सापडतात.

पार्श्वभूमी

आसगाव हे उत्तर गोव्यातील बार्देस तालुक्यातील म्हापशाजवळचे गाव. शेजारच्या शिवोली गावात १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंनी फुटबॉल आणला आणि तेथून तो गोवाभर पसरला, असे मानले जाते. चर्चच्या शाळा, गावचे मैदान आणि भातकापणीनंतर मोकळी झालेली शेते यांवर हा खेळ रुजला. डिसूझा यांचा जन्म झाला तेव्हा गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता आणि त्यांच्या खेळाच्या ऐन उमेदीतही तो तसाच होता. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे मेलबर्नच्या ऑलिंपिकनंतर पाच वर्षांनी. भारताच्या वतीने ऑलिंपिकमध्ये गोल करणाऱ्या या खेळाडूचे जन्मगाव त्या दिवशी भारताच्या शासनाखाली नव्हते. त्या काळी मुंबईत वाढलेल्या वा स्थिरावलेल्या असंख्य गोवेकरांची स्थिती अशीच होती.

पोटापाण्यासाठी मुंबईस येणे ही गोव्यातील घराघरांतली गोष्ट होती. जहाजांवरील खलाशी, आचारी, वादक, कारकून अशा नाना व्यवसायांत गोवेकर मुंबईत होते. धोबी तलाव आणि माझगाव परिसरात गावोगावच्या मंडळींचे स्वतंत्र क्लब असत. त्यांना ‘कूड’ म्हणत. एका गावचा माणूस मुंबईत उतरला की त्याची पहिली रात्र त्या गावच्या कुडीत जाई. फुटबॉलची आवड या मंडळींनी गावाकडून सोबत आणली होती. मुंबईच्या फुटबॉल संघांत गोवेकर खेळाडूंची संख्या लक्षणीय राहिली, ती या स्थलांतरामुळे. नेव्हिल यांचे धाकटे बंधू डेरेक डिसूझा हेही भारताकडून खेळले. एका घरातील दोन भावांनी देशाच्या फुटबॉल संघात स्थान मिळवल्याची उदाहरणे पश्चिम भारतात फारशी नाहीत.

मुंबईतील कंपनी फुटबॉल

मुंबईतील संघटित फुटबॉल ब्रिटिश लष्करी पलटणींनी सुरू केला. १८९१ पासून खेळली जाणारी रोव्हर्स कप ही स्पर्धा प्रारंभीची अनेक दशके गोऱ्या पलटणींच्याच हाती होती. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती प्रथमच जिंकून ती परंपरा मोडली. स्वातंत्र्यानंतर पलटणी गेल्या आणि त्यांची जागा कंपन्यांच्या संघांनी घेतली. टाटा, कॅल्टेक्स, पुढे मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र अशा उद्योगांनी आपापले संघ उभे केले. कुलाब्याकडे जाताना लागणारे कूपरेज मैदान हे या फुटबॉलचे केंद्र होते.

कंपनी फुटबॉलची रीत साधी होती. खेळाडूस कंपनीत नोकरी मिळे आणि तो कंपनीच्या संघातून खेळे. कलकत्त्यातील मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल यांच्यामागे लाखो चाहत्यांचे, जातीपातींचे आणि फाळणीच्या आठवणींचे बळ उभे होते. मुंबईच्या कंपनी संघांमागे तसे काही नव्हते. येथे खेळाडूस पगार, रजा आणि निवृत्तीनंतरची सुरक्षितता मिळे, परंतु वलय मिळत नसे. खेळाडूंच्या संसाराच्या दृष्टीने पाहता ही व्यवस्था वाईट म्हणता येणार नाही. तिची उणीव मात्र पुढे दिसून आली. कंपनीने संघ बंद केला की त्या संघाचा इतिहास जपणारे कोणी उरत नसे. कॅल्टेक्सने १९५८ साली रोव्हर्स कप जिंकला होता. १९७० च्या दशकात कंपनीचे राष्ट्रीयीकरण होऊन ती हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली आणि तो संघ केवळ जुन्या नोंदींत राहिला. महिंद्र युनायटेड हा तर नामांकित संघ. तोही २०१० साली विसर्जित झाला.

डिसूझा या व्यवस्थेतून पुढे आले. टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळताना गोलसमोर अचूक संधी साधणारा आघाडीपटू अशी त्यांची ख्याती झाली. संतोष ट्रॉफी या राष्ट्रीय आंतरराज्य स्पर्धेत ते मुंबईचे प्रतिनिधित्व करीत. मुंबई संघाने ही स्पर्धा १९५४-५५ च्या हंगामात प्रथमच जिंकली. त्याआधीची विजेतेपदे बहुतांशी बंगालकडे गेली होती. त्यामुळे मुंबईच्या या यशाने राष्ट्रीय निवडकर्त्यांचे लक्ष पश्चिमेकडे वळले असल्यास नवल नाही.

सेंटर फॉरवर्डचे काम

आजच्या वाचकास त्या काळची खेळाची मांडणी थोडी अपरिचित वाटेल. १९५० च्या दशकात बहुतेक संघ पाच आघाडीपटू घेऊन खेळत. दोन्ही कडांना एक-एक विंगर, त्यांच्या आतल्या बाजूस इनसाइड राइट व इनसाइड लेफ्ट आणि या सर्वांच्या टोकाशी सेंटर फॉरवर्ड. विंगरने कडेने धावत जाऊन चेंडू गोलसमोर टाकायचा, आतल्या दोघांनी मधली फळी आणि आघाडी यांना जोडायचे आणि सेंटर फॉरवर्डने प्रतिस्पर्धी बचावपटूच्या सावलीत राहून योग्य क्षणी सुटायचे, अशी कामांची वाटणी असे. सेंटर फॉरवर्डला संपूर्ण सामन्यात चेंडू फार थोड्या वेळा मिळतो. मिळालेल्या मोजक्या संधींचे तो काय करतो यावरच त्याची पारख होते. मैदानावर ऐंशी मिनिटे दिसेनासा होणारा खेळाडू दहा सेकंदांत सामना फिरवू शकतो. डिसूझा यांचे कौशल्य याच प्रकारचे होते आणि मेलबर्नच्या गोलांच्या नोंदी त्याची साक्ष देतात.

ऑलिंपिकपूर्वीचा भारतीय संघ

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारत फ्रान्सकडून २-१ असा हरला. त्या सामन्यात भारताने दोन पेनल्टी वाया घालवल्या होत्या आणि बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. त्या पराभवानंतर बूट घालणे सक्तीचे करण्यात आले.

१९५१ पासूनच्या या वाटचालीत प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक असलेल्या रहीम यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघास घडवले होते. त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स कप जिंकला. ही स्पर्धा मुंबईतच होत असल्याने कूपरेजच्या प्रेक्षकांनी रहीम यांच्या शिष्यांचा खेळ वर्षानुवर्षे जवळून पाहिला होता आणि रहीम यांनाही मुंबईचे खेळाडू न्याहाळण्याची संधी मिळत होती.

मेलबर्नला गेलेल्या संघाचे कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी होते. पी. के. बॅनर्जी, तुळशीदास बलराम, जे. किट्टू, पीटर थंगराज, नूर महंमद, अझीझ, केंपय्या ही त्यातील आणखी काही नावे. मुंबईत वाढलेले गोलरक्षक एस. एस. नारायण हेही त्या संघात होते.

मेलबर्न, १९५६

त्या वर्षीच्या स्पर्धेवर राजकारणाची गडद छाया होती. हंगेरीतील उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला होता आणि सुएझ कालव्यावरून युद्ध पेटले होते. सोळा संघांची आखणी असलेल्या फुटबॉल स्पर्धेत अकराच संघ उतरले. हंगेरीने माघार घेतल्यामुळे पहिल्या फेरीत भारतास पुढे चाल मिळाली. हंगेरी हा १९५२ चा विजेता संघ होता, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

उपांत्यपूर्व फेरीत १ डिसेंबर रोजी गाठ पडली ती यजमान ऑस्ट्रेलियाशी. ऑस्ट्रेलियाने आधीच्या फेरीत जपानला २-० असे नमवले होते. नवव्या मिनिटास डिसूझा यांनी भारताचे खाते उघडले. सतराव्या मिनिटास ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो यांनी बरोबरी साधली. तेहेतिसाव्या मिनिटास डिसूझा यांनी दुसरा गोल केला. एकेचाळिसाव्या मिनिटास मॉरो यांनी पुन्हा बरोबरी केली. मध्यंतरास गुण २-२ असे होते. सामन्याचा पूर्वार्ध हा जणू दोन आघाडीपटूंमधील खासगी झुंज होती.

उत्तरार्ध सुरू होऊन पाच मिनिटे होत नाहीत तोच, पन्नासाव्या मिनिटास, डिसूझा यांनी तिसरा गोल केला. या वेळी मात्र ऑस्ट्रेलियास उत्तर देता आले नाही. ऐंशीव्या मिनिटास किट्टू यांनी चौथा गोल करून विजय पक्का केला. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. हॅट्ट्रिकचे मोल पाहताना तिन्ही गोलांची वेळ लक्षात घ्यावी. एकतर्फी सामन्यात दुबळ्या संघाविरुद्ध तीन गोल करणे वेगळे. येथे डिसूझा यांच्या प्रत्येक गोलाने भारतास आघाडी मिळवून दिली. पहिल्या दोन आघाड्या हातच्या गेल्या आणि तिसरी टिकली. तीनपैकी एकही गोल शोभेचा नव्हता.

या विजयाने भारत ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा पहिला आशियाई देश ठरला. त्याच महिन्यात सिडनी येथे दोन्ही संघांत मैत्रीपूर्ण सामना झाला आणि तोही भारताने ७-१ असा जिंकला. मेलबर्नचा निकाल नशिबाने लागला असे म्हणण्यास त्यानंतर जागा उरली नाही.

उपांत्य सामना ४ डिसेंबर रोजी झाला. समोर होता तोच युगोस्लाव्हिया, ज्याने चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवले होते. मध्यंतरापर्यंत भारताने एकही गोल होऊ दिला नाही. बावन्नाव्या मिनिटास डिसूझा यांनी गोल केला आणि भारत १-० असा पुढे गेला. ही आघाडी अवघी दोन मिनिटे टिकली. चोपन्नाव्या मिनिटास पापेच, सत्तावन्नाव्या मिनिटास वेसेलिनोविच आणि पासष्टाव्या मिनिटास पुन्हा पापेच यांनी गोल केले. त्यानंतर भारताच्या सलाम यांच्याकडून स्वयंगोल झाला. निकाल ४-१ असा लागला. तरीही एका ऑलिंपिक उपांत्य सामन्यात भारत आघाडीवर होता ही घटना भारतीय फुटबॉलच्या इतिहासात पुन्हा कधी घडलेली नाही आणि ती आघाडी डिसूझा यांच्या पायांनी मिळवून दिली होती.

कांस्यपदकासाठी ७ डिसेंबर रोजी झालेल्या सामन्यात बल्गेरियाने भारतास ३-० असे हरवले. मिलानोव्ह यांनी त्यात एक गोल करून डिसूझा यांच्याशी चार गोलांची बरोबरी केली. अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाने युगोस्लाव्हियाचा १-० असा पराभव केला.

कामगिरीचे मूल्यमापन

चौथ्या स्थानाचे वर्णन करताना अतिशयोक्ती करण्याचा मोह अनेकांना होतो. वस्तुस्थिती अशी की भारताने त्या स्पर्धेत एकच सामना जिंकला आणि दोन हरले. पहिल्या फेरीतील बलाढ्य प्रतिस्पर्धी मैदानावर उतरलाच नाही. शिवाय ऑलिंपिकचे फुटबॉल हौशी खेळाडूंपुरते मर्यादित होते. पश्चिम युरोपातील व्यावसायिक खेळाडू त्यात नसत. पूर्व युरोपातील देश मात्र आपले सर्वोत्तम खेळाडू ‘हौशी’ म्हणून पाठवीत आणि त्यामुळे तेथील देश ऑलिंपिकमध्ये वरचढ ठरत.

परंतु हाच शेवटचा मुद्दा डिसूझा यांच्या बाजूनेही मांडता येतो. त्यांनी ज्या युगोस्लाव्हियाविरुद्ध गोल केला, तो संघ पूर्व युरोपातील याच व्यवस्थेतून आला होता आणि १९५२ चा रौप्यपदक विजेता होता. कूपरेजवर कंपनीच्या संघातून खेळणारा मुंबईचा नोकरदार आघाडीपटू आणि वेसेलिनोविच यांच्यासारखा कसलेला खेळाडू हे स्पर्धेअखेर एकाच ओळीत आले. मोजक्या सामन्यांची ही यादी आहे हे मान्य केले तरी ती ओळ खोडता येत नाही.

पुढील काळ

मेलबर्ननंतर डिसूझा यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द फार लांबली नाही. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि बलराम हे त्रिकूट भारतीय आघाडीचा आधार बनले. १९६० च्या रोम ऑलिंपिक संघात डिसूझा नव्हते. त्या संघाने फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले. १९६२ साली जकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने आशियाई सुवर्णपदक पुन्हा मिळवले. त्या सुवर्णपदक विजेत्या संघात टाटा क्लबचे फोर्तुनातो फ्रँको होते. तेही मूळचे बार्देसचे, कोलवाळ गावचे. आसगावच्या आघाडीपटूनंतर कोलवाळचा मध्यरक्षक अशी ही मुंबईमार्गे चाललेली गोमंतकीय परंपरा होती.

अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. फुटबॉलसाठी तो प्रथम पी. के. बॅनर्जी यांना, पुढे बलराम व गोस्वामी यांना मिळाला. हे सर्व मानकरी त्यास सर्वथा पात्र होते. डिसूझा यांना मात्र तो कधीच मिळाला नाही. पुरस्कार सुरू झाला तेव्हा त्यांचा राष्ट्रीय संघातील काळ सरला होता, हे एक कारण सांगता येईल; परंतु ऑलिंपिक स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूस नंतरच्या दोन दशकांतही कोणी आठवू नये याचे समर्थन त्याने होत नाही. १६ मार्च १९८० रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

विस्मरण आणि स्मृती

डिसूझा यांची तुलना जपानच्या कुनिशिगे कामामोतो यांच्याशी करता येते. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कामामोतो यांनी नायजेरियाविरुद्ध हॅट्ट्रिक केली, एकूण सात गोल करून ते स्पर्धेत अग्रस्थानी राहिले आणि जपानने कांस्यपदक जिंकले. आज जपानमध्ये फुटबॉलची थोडीशी आवड असलेल्या मुलालाही ते नाव माहीत असते. जपानने १९६५ सालीच राष्ट्रीय लीग सुरू केली होती. कामामोतो तेथे वर्षानुवर्षे खेळले आणि पुढील पिढ्यांनी त्यांना पाहिले. भारतात राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू होण्यास १९९६ साल उजाडावे लागले. डिसूझा यांच्या पिढीकडे चषकस्पर्धा आणि शहरी लीग एवढेच होते.

मुंबईत क्रिकेटने वर्तमानपत्रांची पाने व्यापली होती. फुटबॉलचा इतिहास मुख्यतः कलकत्त्यात लिहिला गेला आणि तेथील लेखकांनी साहजिकच तेथील क्लबांचे खेळाडू प्रथम आठवले. गोव्यात फुटबॉल संघटना १९५९ च्या अखेरीस स्थापन झाली. पुढे ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो यांच्यासारखे खेळाडू गोव्याच्या क्लबांतून मोठे झाले आणि गोव्याचा अभिमान त्यांच्याभोवती उभा राहिला. डिसूझा जन्माने गोव्याचे, खेळाने मुंबईचे. त्यामुळे दोन्हीकडच्या यादीत त्यांचे नाव मागे पडले. मराठी क्रीडालेखनातही त्यांच्यावर फारच थोडा मजकूर आढळतो, ही खंत वाटावी अशी बाब आहे.

२०२४ साली प्रदर्शित झालेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे रहीम आणि त्यांच्या शिष्यांची कथा नव्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. अजय देवगण यांनी त्यात रहीम यांची भूमिका केली आहे. चित्रपटाचा कळस १९६२ चे आशियाई सुवर्णपदक हा असल्याने मेलबर्नचा भाग त्यात ओझरता येतो.

मुंबईत वांद्रे येथील फुटबॉल मैदानास नेव्हिल डिसूझा यांचे नाव देण्यात आले आहे. मुंबई फुटबॉल संघटनेच्या विविध गटांतील लीग सामने तेथे खेळवले जातात आणि सामन्यांच्या वेळापत्रकात स्थळाच्या रकान्यात त्यांचे नाव छापले जाते.